गोदाकाठची पायवाट पुन्हा बांधायची तर सुरुवात जमिनीखालून करा

पूर ओसरला की नदीकाठच्या वाटेवर ठरलेलं चित्र दिसतं. पेव्हर ब्लॉक इतस्ततः पडलेले, रेलिंग प्रवाहाच्या दिशेनं झोपलेलं, त्यात जलपर्णी, फांद्या, निर्माल्य आणि प्लास्टिक गुंतलेलं, आणि मध्येच दहा-पंधरा फूट वाट गायब. मग अंदाजपत्रक निघतं ते ब्लॉकचं, रेलिंगचं, रंगाचं. पावसाळ्याआधी काम उरकतं आणि पुढच्या मोठ्या पुरात नेमकी तीच जागा पुन्हा जाते. नाशिककरांनी २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही पुरांत गोदावरीचं पाणी काठ सोडून कुठवर येतं ते पाहिलेलं आहे, तरी दुरुस्ती मात्र वरवरचीच होत राहते.

गोदावरी, नंदिनी, वालदेवी किंवा एखाद्या ओढ्याच्या काठची वाट नव्यानं उभी करू पाहणाऱ्या सोसायट्या, ग्रामपंचायती, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे गट, छोटे कंत्राटदार आणि तरुण इंजिनिअर यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं एकच आहे. पैसा आणि डोकं जमिनीखाली घाला. वरचा भाग हलका, मोकळा आणि उचलून नेता येईल असा ठेवा. अंतिम आराखड्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवीच. पण त्याच्याकडून काय मागायचं हे कळलं नाही, तर तोही जुनाच नकाशा पुढे करतो.

आधी पुराची नोंद

नाशिकला पूर मोजायची परंपरा आहे. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी पोचलं, यावरून गावाला अंदाज येतो. त्याही पुढचा पूर असेल तर लोक काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे पाहतात. तुमच्या वाटेसाठीही अशीच एक खूण हवी, फक्त ती तुमच्या जागेवरची हवी.

पाण्याच्या पातळीच्या खुणा भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर, विजेच्या खांबांवर राहतात. पूर ओसरल्यावर दोन-तीन दिवसांत जाऊन त्या ऑइल पेंटनं पक्क्या करा आणि शेजारी तारीख लिहा. मग गवंड्याची पाण्याची नळी घेऊन या सगळ्या खुणा एका न हलणाऱ्या जागेशी जोडा, म्हणजे एखाद्या पुलाच्या कठड्याशी किंवा मंदिराच्या जोत्याशी. गंगापूर धरणातून आणि अहिल्याबाई होळकर पुलाखालून किती क्युसेक पाणी जातं आहे हे पूरकाळात रोज जाहीर होतं. तो आकडा त्या तारखेसमोर मांडा. १००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ घनमीटर. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्याकडे ‘इतकं पाणी सोडलं की आपल्या वाटेवर इतकं चढतं’ असा तक्ता तयार होतो. तोवर थांबता येत नसेल, तर काठावरच्या जुन्या माणसांना विचारा. पंचवटीतले दुकानदार, आनंदवल्लीतले आजोबा, टाकळीकडचे शेतकरी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते बोट ठेवून दाखवतात.

दुसरी गोष्ट पूररेषांची. आपल्याकडे निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की २५ वर्षं निश्चिंती, असं नाही. दर वर्षी तशा पुराची शक्यता ४ टक्के असते. १० वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या वर जाते, आणि २५ वर्षांत ६४ टक्के. तुमची वाट २५ वर्षं टिकावी असं वाटत असेल, तर ती निळ्या रेषेचा पूर बहुधा पाहणारच, असं धरूनच बांधायला हवं.

वाट तिथेच हवी का

हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण जुनी वाट तिथं होती. पण नदीनं एकाच जागी दोनदा काठ कापला असेल, तर ती जागा नदीची आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह काठावर आदळतो, तिथं दर पुरात माती जाते. आतल्या बाजूला गाळ साचतो. बाहेरच्या वळणावरची वाट पाच-सात मीटर मागे घेता आली, तर पायाचा निम्मा खर्च वाचतो. ओढा किंवा उपनदी मिळते त्या जागाही तशाच अवघड: टाकळीला नंदिनीचा, तपोवनात कपिलेचा संगम. तिथं दोन प्रवाह एकमेकांना ढकलतात आणि काठ कोणत्या बाजूनं कापला जाईल याचा नेम नसतो.

जागा ठरली की उंची ठरवा. इथं माझं मत ठाम आहे. वाट एकतर जमिनीलगत असावी, नाहीतर दरवर्षीच्या पुराच्या चांगली वर. जमिनीपासून दोन ते चार फूट उंचीवरचा डेक सगळ्यात वाईट, कारण पुरात वाहून येणारं सगळं नेमकं त्याच उंचीवर येऊन अडकतं.

जमिनीलगतच्या वाटेला कमी समजू नका. आपले जुने दगडी घाट पाहा. पाण्याला आडवं येणारं त्यात फारसं काही नाही, आणि दगड जड आहेत. २०० × १०० × ६० मिलिमीटरच्या पेव्हर ब्लॉकचं वजन सुमारे २.९ किलो, पाण्याखाली ते १.७ किलोवर येतं. खालची रेती वाहिली की तो तरंगत नाही, पण सहज लोटला जातो. त्याच जागी ९०० × ६०० × १५० मिलिमीटरचा काळा पाषाण घाला. तो कोरडा सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो आणि पाण्याखालीही १४५ किलोचा राहतो. अशा शिळा दगडाच्या सोलिंगवर, म्हणजे दगड रचून ठोकलेल्या थरावर, बसवून दोन्ही कडांना खोल कडदगड गाडले, तर बऱ्याच ठिकाणी खांब रोवायची गरजच उरत नाही. पूर ओसरला की गाळ धुऊन वाट पुन्हा चालू.

मात्र जमिनीलगत म्हणजे नदीपात्रात काँक्रीट ओतणं नव्हे. गोदापात्रातलं काँक्रीट काढावं म्हणून या शहरात न्यायालयापर्यंत लढा गेला आहे. पात्राचा तळ बंद केला की भूजलाचे झरे बंद होतात आणि पाण्याचा वेगही वाढतो. वाट काठावर करा, तळ नदीला सोडा.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. शहरात महापालिका, पूररेषेच्या आत जलसंपदा विभाग, आणि नांदूर मध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात वनविभाग. निळ्या रेषेच्या आत पक्क्या बांधकामाला मनाई असते. म्हणून अर्जासोबत ‘प्रवाहाला अडथळा किती’ याचं गणित जोडा. पुढे येणार आहे तेच.

जमीन उघडून पाहा

दर २० ते २५ मीटरवर एक तपासणीचा खड्डा घ्या, आणि जुनी वाट जिथं खचली होती तिथं हमखास घ्या. नाशिकच्या काठावर साधारण असा क्रम सापडतो: वर गाळ किंवा भराव, मग काळी माती, मग मुरूम, आणि खाली काळा पाषाण. सोमेश्वर, आनंदवल्लीच्या बाजूला खडक वरच आहे, धबधब्यापाशी तो उघडाच दिसतो. खाली नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा मिळतात, तिथं बंधाऱ्यामागे गाळ साचत आला आहे. एकाच नदीवरच्या या दोन जागांसाठी एकच पाया चालणार नाही. मग एकाच नकाशाच्या झेरॉक्स काढून सगळीकडे काम का होतं?

काळ्या मातीची परीक्षा स्वतः करता येते, आणि कराच. माती वाळवा, कुटा, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा. १०-१० ग्रॅमचे दोन भाग करा. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्या घ्या. एकीत रॉकेल, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. प्रत्येकीत एक भाग टाका, काचेच्या कांडीनं ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमधली माती फुगत नाही, पाण्यातली फुगते. समजा रॉकेलमध्ये ११ मिलिलिटर आणि पाण्यात २० मिलिलिटर भरली. फरक ९, त्याला ११ नं भागलं की फुगवटा ८२ टक्के. ५० टक्क्यांच्या वर गेलं की ती माती चांगलीच फुगणारी समजा. अशा मातीत दोन फुटांचा खड्डा करून खांब रोवला, तर पुराची वाटही पाहावी लागत नाही. उन्हाळ्यातल्या भेगा आणि पावसाळ्यातला फुगवटा मिळून तो दोन-तीन वर्षांत वाकडा होतो.

खड्ड्यात पाणी किती खोलीवर लागलं, मुरूम किती खोलीवर आला आणि कुदळ उसळली ती खोली, हे तीन आकडे प्रत्येक खड्ड्यासाठी लिहा. फोटोत टेप दिसली पाहिजे.

पाणी किती खणतं, किती ढकलतं

वाटा मोडतात त्या मुख्यतः दोन कारणांनी. पाणी पायाखालची माती काढून नेतं, आणि अडकलेला कचरा खांबांना रेटतो.

खणण्याचा अंदाज पुलांच्या कामात वापरतात त्या सूत्रानं येतो. काठावर एक मीटर रुंदीतून सेकंदाला किती घनमीटर पाणी जातं ते घ्या. त्याचा वर्ग करा, गाळाच्या गुणांकानं भागा, घनमूळ काढा आणि १.३४ नं गुणा. गुणांक म्हणजे कणांच्या मिलिमीटरमधल्या सरासरी व्यासाचं वर्गमूळ गुणिले १.७६. अर्ध्या मिलिमीटरच्या रेतीसाठी तो १.२४ येतो. समजा मीटरमागे विसर्ग २ घनमीटर आहे. ४ भागिले १.२४ म्हणजे ३.२३, घनमूळ १.४८, आणि शेवटी आलं १.९८ मीटर. खांबापाशी भोवरे होतात म्हणून ते दुप्पट धरायचं, म्हणजे पुराच्या पातळीपासून जवळजवळ ४ मीटर खाली. वाटेवर पाणी दीड मीटर चढलं असेल, तर खांबाभोवतीची माती जमिनीखाली अडीच मीटरपर्यंत जाऊ शकते. आता दोन फूट खोल रोवलेला खांब डोळ्यांसमोर आणा. हे सूत्र रेताड गाळासाठी आहे. चिकट मातीत खणणं हळू होतं आणि खडकावर येऊन थांबतं. तरी आकड्याचा अंदाज डोक्यात बसला पाहिजे.

आता रेटा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पद्धतीनं प्रवाहाचा दाब चौरस मीटरला ५२ गुणिले आकाराचा गुणांक गुणिले वेगाचा वर्ग, इतके किलो धरतात. गोल खांबाचा गुणांक ०.६६, चौकोनी खांबाचा १.५. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर गोल खांबावर चौरस मीटरला ३०९ किलो आणि चौकोनी खांबावर ७०२ किलो. नुसता आकार बदलून दाब निम्म्याहून कमी होतो, शिवाय गोल खांबाभोवती खणणंही कमी. म्हणून खांब नेहमी गोल घ्या. ११४ मिलिमीटर व्यासाचा, दीड मीटर पाण्यात उभा असलेला गोल खांब जेमतेम ५३ किलो रेटा घेतो.

पण त्याच खांबांच्या जोडीवर रेलिंग आहे आणि त्यात जलपर्णी अडकली, तर? २.४ मीटर लांब आणि ०.६ मीटर उंच अशी कचऱ्याची चटई तयार होते: १.४४ चौरस मीटर, त्यावर ७०२ किलोचा दाब, म्हणजे हजार किलोंहून जास्त. तोही खांबाच्या वरच्या टोकाला. खालची दीड मीटर माती खणली गेली, की तरफेचा हात दीड मीटरऐवजी तीन मीटर होतो आणि पायाशी वाकवणारा जोर दुप्पट. रेलिंग झोपतं ते असं, आणि जाताना खांबही उपटून नेतं. इंजिनिअरला विचारायचा पहिला प्रश्न हाच: ‘कचरा अडकलेला आणि माती गेलेली, अशा दोन्ही अवस्था एकत्र धरून खांब तपासला आहे का?’

माणसांचं वजन त्या मानानं सोपं आहे. पादचारी मार्गावर चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात, आणि तीर्थक्षेत्र किंवा मोठी जत्रा भरते अशा ठिकाणी ५००. नाशिकसाठी ५०० च धरा. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, पण गर्दीच्या पर्वण्या दरवर्षी असतात. १.८ मीटर रुंद वाट आणि २.४ मीटरवर खांबांच्या जोड्या घेतल्या, तर डेकच्या वजनासकट एका खांबावर दीड टनाच्या आत भार येतो. पाया ठरतो तो आडव्या रेट्यावर.

पाया निवडताना

खडक वर असेल तर तुमचं नशीब चांगलं. झिजलेला, ठिसूळ थर छिन्नीनं काढून टाका. हातोडा मारल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. २० मिलिमीटरच्या सळईसाठी २५ ते ३२ मिलिमीटरचं भोक, निदान अर्धा मीटर खोल. भोक पाडणं सोपं. ते साफ करणं महत्त्वाचं. आत दगडाची पीठी राहिली तर इपॉक्सी किंवा ग्राउट (सळईभोवती भरायचा पातळ मसाला) पीठीला चिकटतं, खडकाला नाही. ब्रश, मग हवा, मग पुन्हा ब्रश, पुन्हा हवा, हे तुमच्यासमोर करून घ्या. प्रत्येक टप्प्यात दोन-तीन सळया जॅक लावून ओढून तपासा. चार सळयांवर बेसप्लेट, तिच्याखाली न आक्रसणारं ग्राउट, आणि गोल खांब. माती नाही म्हणजे माती वाहून जायचा प्रश्नच नाही.

वर काळी माती आणि खाली मुरूम, ही काठावरची नेहमीची अवस्था. इथं अंडर-रीम पाइल वापरा. पाइल म्हणजे जमिनीत खोल गेलेला पायाचा खांब. खाली फुगा असलेला हा पाइल आपल्याकडे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठीच रुजवला. दांड्याचा व्यास २०० ते ३०० मिलिमीटर, फुगा त्याच्या अडीच पट, खोली साडेतीन मीटरपेक्षा जास्त. इतकं खोल का? कारण ऋतूंप्रमाणे काळ्या मातीतला ओलावा बदलतो तो साधारण तेवढ्या खोलीपर्यंत. वरची माती फुगून पाइलला वर ओढू लागली की खालचा फुगा त्याला धरून ठेवतो. आणि पुरात वरची दोन-अडीच मीटर माती गेली, तरी पाइलचं मूळ जागेवर राहतं. फक्त त्या अवस्थेतली लवचिकता आणि सळई वेगळी तपासून घ्यावी लागते. बोअर केल्या दिवशीच काँक्रीट भरा. रात्रभर उघडा राहिलेला बोअर कडेनं ढासळतो आणि तळाला चिखल बसतो. बोअरमध्ये पाणी असेल तर काँक्रीट वरून टाकू नका, ट्रेमी पाइपनं, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या लांब नळीनं, तळापासून वर आणा. सळईभोवती ७५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण ठेवा. पाइलवर बीम येणार असेल, तर बीमच्या पोटाखाली ७५ ते १०० मिलिमीटर पोकळी सोडा, नाहीतर फुगलेली माती बीमला उचलते.

खोल गाळात, दलदलीत, पक्ष्यांच्या जागेजवळ स्क्रू पाइल पाहा. पोलादी दांड्याला चक्राकार पाती असतात. मिनी एक्स्कॅव्हेटरला हायड्रॉलिक मोटर लावून तो जमिनीत पिळत नेतात. खोदकाम नाही, काँक्रीट नाही, पाण्यात सिमेंट सांडणं नाही. ही कल्पना १८३३ साली अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्यानं पेटंट केली. तो अंध होता, आणि त्याच्या पाइलवर समुद्रातल्या रेतीच्या दांड्यांवर दीपगृहं उभी राहिली. मला या पद्धतीतली एक गोष्ट फार आवडते: पाइल बसवतानाच त्याची ताकद कळते. छोट्या चौकोनी दांड्यासाठी, पिळायला लागलेला जोर गुणिले साधारण ३३, असा अंदाज घेतात. शेवटच्या मीटरला ४ किलोन्यूटन-मीटर जोर लागला तर कमाल ताकद १३२ किलोन्यूटन, आणि सुरक्षेसाठी अर्धी धरली तर ६६, म्हणजे साडेसहा टनांच्या वर. दर पाइलचा हा आकडा वहीत लिहून घ्या. मात्र गोटे किंवा मुरमाचा कडक थर लागला की पाती वाकतात. त्यामुळे शहरातल्या काठावर हा पर्याय क्वचितच लागू पडतो.

काठच ढासळत असेल, तर खांबांआधी काठ धरावा लागतो. त्यासाठी गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीतली दगडी पेटी. आत दगड हातानं रचलेला हवा, जाळीच्या भोकापेक्षा मोठा, कडक काळा पाषाण. मुरमाड दगड दोन पावसाळ्यांत विरघळतो. पेट्यांच्या मागे जिओटेक्स्टाइल कापड घाला, नाहीतर मागची माती दगडांच्या फटीतून निघून जाते आणि वाट वरून खचते. पेटीच्या पायथ्याशी नदीच्या बाजूला जाळीतल्या दगडाचं पसरट अंथरूण घाला, लांबी खणण्याच्या खोलीच्या दीड पट. तळ खणला गेला की ते अंथरूण वाकून खड्ड्यात उतरतं आणि पायथा झाकतं. सरळसोट काँक्रीटची भिंत हे करू शकत नाही. भिंतच बांधायची वेळ आली, तर १०० मिलिमीटरचे पाझर पाइप दर सव्वा-दीड मीटरवर ठेवा, मागे खडीचा गाळणथर द्या. धरणाचा विसर्ग कमी केला की नदी झपाट्यानं उतरते, भिंतीमागची माती मात्र पाणी धरून बसलेली असते. बऱ्याच भिंती पूर चढताना उभ्या राहतात आणि उतरताना नदीत पडतात.

वरची वाट

डेकसाठी जाळीदार एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) किंवा जस्ताचा थर दिलेली लोखंडी जाळी, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड ग्रेटिंग, उत्तम. पाणी वर-खाली जातं, उचलणारा जोर कमी, गाळ पाइपनं धुता येतो. भोकं १३ मिलिमीटरच्या आत ठेवा. काठी, चाकाची खुर्ची, चपलेची टाच अडकता कामा नये. लाकूड टाळा. सागवान पाण्यावर तरंगतं. २ × १.५ मीटरची ४० मिलिमीटर जाडीची फळी बुडाली की तिच्या बोल्टना चाळीस किलोंच्या आसपास वर खेचते.

प्रत्येक तुकडा दोन-तीन माणसांना उचलता येईल इतकाच करा. स्टेनलेसच्या बोल्टनी बसवा, आणि एका कडेनं साखळीनं बीमला बांधा. बोल्ट तुटले तरी डेक पुढच्या पुलाच्या कमानीत जाऊन अडकणार नाही.

रेलिंगला उभ्या दांड्या दाट लावू नका. खालच्या टोकाला बिजागरी आणि वर एक पिन असलेलं, नदीकडे झोपवता येणारं रेलिंग करा. गंगापूरचा विसर्ग वाढवणार असं जाहीर झालं की दोन माणसांनी जाऊन पिना काढायच्या. हे काम कोणाचं, किल्ली कोणाकडे, हे आधीच कागदावर ठरवा. त्याशिवाय बिजागरीला अर्थ नाही. रेलिंग झोपलं की वाटेची दोन्ही टोकं साखळीनं बंद झालीच पाहिजेत. लोखंडी भाग सगळं वेल्डिंग आणि ड्रिलिंग झाल्यावरच गॅल्व्हनाइज करा. जागेवर मारलेला एक वेल्ड म्हणजे गंजाची सुरुवात. आणि उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नको.

वाट जिथं जमिनीला टेकते, ती दोन टोकं पुरात आधी कापली जातात, कारण तिथं कडक आणि मऊ यांची सांध असते. दोन्ही टोकांना जमिनीत निदान एक-दीड मीटर खोल आडवी दगडी भिंत गाडा आणि पुढे-मागे तीन-चार मीटर जाळीतल्या दगडाची गादी घाला. कडेला वाळा लावा, वरच्या अंगाला करंज, जांभूळ, वाळुंज. खांबांच्या ओळीत झाड नको.

कामाचे महिने

पाहणी आणि मोजणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. याच सुमारास जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ येऊ शकते, म्हणून पात्रालगत साहित्य टाकू नका. डिसेंबरात खड्डे, जानेवारी ते मार्च पाया, एप्रिलमध्ये डेक, १५ मेच्या आत सगळं आवरलेलं. हिवाळ्या-उन्हाळ्यातही धरणातून आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटलं की पातळी अचानक चढते. जलसंपदाच्या कार्यालयातून आवर्तनाच्या तारखा काढून घ्या आणि बोअर त्या टाळून करा. काँक्रीटला एप्रिल-मेच्या उन्हात किमान दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. सिमेंटचं धुवणाचं पाणी नदीत सोडू नका. काठापासून दूर खड्डा करून त्यात जिरवा, ते मासे मारतं.

पूर येऊन गेल्यावर

काम झाल्यावरची सगळ्यात फसवी गोष्ट ही की पूर खांबाभोवती खड्डा खणतो आणि ओसरता ओसरता तोच खड्डा सैल गाळानं भरून ठेवतो. वरून जमीन जशीच्या तशी दिसते. ‘काही झालं नाही’ असा शेरा पडतो, आणि पुढच्या पुरात त्या गाळाला तासभरही लागत नाही.

यावर स्वस्त उपाय आहे. बांधकामाच्या वेळीच दर चार-पाच खांबांमागे एका खांबाशेजारी, हातभर अंतरावर, तीन मीटर लांबीची जाड साखळी उभी गाडा. त्यासाठी हाताच्या ऑगरनं, म्हणजे मातीत फिरवायच्या गिरमिटानं, भोक पाडा, साखळी खालच्या टोकाला लोखंडी पट्टीला अडकवून सोडा, आणि भोक त्याच मातीनं ठासून भरा. वरचं टोक जमिनीच्या पातळीला. त्याची जागा खांबावर रंगानं दाखवा. पुरात माती जाते तितकी साखळी मोकळी होऊन प्रवाहाच्या दिशेनं आडवी पडते, आणि नंतर तिच्यावर गाळ बसतो. पाणी ओसरल्यावर तिथं खणा. साखळी ज्या कडीपाशी उभ्याची आडवी झाली, तिथपर्यंत नदी गेली होती.

बाकीच्या खांबांभोवती १२ मिलिमीटरची टोकदार सळई चारही बाजूंनी हातानं दाबून पाहा. मूळ मातीत ती फूटभरात अडते. सैल गाळात मीटरभर सरकन जाते. जिथं गेली तिथला गाळ काढा आणि मुठीपेक्षा मोठे टोकेरी दगड रचून भरा. माती किंवा रेती परत टाकू नका. त्याच फेरीत बोल्ट, साखळ्या, बिजागऱ्या तपासा आणि खांब ओळंब्यात आहेत का ते पाहा. मग साखळीवरची खोली, सळईची खोली, पुराची तारीख आणि होळकर पुलाखालचा क्युसेकचा आकडा, हे सगळं खांबाच्या नंबरासमोर एकाच रजिस्टरमध्ये लिहा. त्या रजिस्टरची एक प्रत महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्या, आणि पुढच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी ती फाइलला जोडली आहे का ते स्वतः जाऊन पाहा.